नसलेल्या बेटांचं टीव्ही केंद्र: कामाच्या नोंदी

आमच्या जपानी भाषेच्या वर्गाचं ऑगस्टमध्ये संमेलन असतं. दरवर्षी कुणीतरी ओरिगामीचं टेबल मांडतं, कुणीतरी सुशी करून आणतं आणि ती दुपारपर्यंत बिघडते. यंदा मी म्हटलं, खोटं टीव्ही केंद्र उभं करतो. एका लाकडी खोक्यात जुना टीव्ही आणि रेडिओ. दोन्हींवर १९८३ सालची एक संध्याकाळ. केंद्र जपानच्या दक्षिण समुद्रातल्या बेटांचं. बेटंही खोटी, केंद्रही खोटं, बाकी सगळं मात्र त्या काळात बसलं पाहिजे. असलं काही कुणाला करायचं असेल तर माझे पैसे कुठे बुडाले ते आधी वाचा.

१ जून

पहिला दिवस नावांत गेला. जपानच्या खऱ्याखुऱ्या ओगासावारा बेटांवरून सुरुवात केली, कारण तिथे अख्खं कुटुंब नांदतंय. चिचिजिमा म्हणजे वडील बेट, हाहाजिमा आई बेट. शिवाय थोरला भाऊ, धाकटा भाऊ, बहीण, भाची, नातू, जावई, सून आणि लग्न जुळवणारा मध्यस्थ, या सगळ्यांच्या नावाचं एकेक बेट. मला हे इतकं आवडलं की मीही काका, मावशी, आत्या अशी बेटं काढून सेन्सेईंना (आमच्या जपानीच्या बाईंना) नकाशा पाठवला. उत्तर आलं, "हे ओगासावाराच आहे. तू फक्त नातेवाईक बदललेस."

नकाशा फाडला. आता तीन बेटं: शिओसे (मोठं, इथे केंद्र), तोबीनो आणि निशिने. केंद्राचं नाव शिओसे होसो. होसो म्हणजे प्रसारण. इथे खरंतर थांबायला हवं होतं, पण पुढचे तीन दिवस मी केंद्राचं बोधचिन्ह काढण्यात घालवले. ते शेवटी कुठेच वापरलं नाही.

६ जून

साल १९८३च का, हे लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न मला पाच जणांनी विचारलाय. एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेचं उपग्रहावरून प्रायोगिक प्रसारण १२ मे १९८४ला सुरू झालं आणि ओगासावारासारख्या लांबच्या बेटांवर टीव्ही पोचला तो त्यामुळे. त्याच्या आदल्या वर्षात राहिलं की सगळ्या अडचणी शाबूत राहतात. मला अडचणीच दाखवायच्या होत्या.

९ जून

रेडिओची फ्रीक्वेन्सी ठरवली: १३४० किलोहर्ट्झ. चूक. जपानने २३ नोव्हेंबर १९७८ला मध्यम लहरींवरची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर नेली. म्हणजे आकडा नऊने भागला गेला पाहिजे. १३४०ला जात नाही, १३४१ला जातो. एका किलोहर्ट्झने वाचलो, पण तबकडीची पट्टी छापून झाली होती. तिच्यावरचा एफएमचा भागही मी आपल्या सवयीने ८८ ते १०८ छापला होता. तिकडे त्या काळी तो ७६ ते ९० असे. दोन्ही चुका एकाच छपाईत निघाल्या, हेच नशीब.

कॉल साइनही (केंद्राची अक्षरी ओळख) तशीच अंगावर आली. जपानी केंद्रांची जेओपासून सुरू होते एवढं माहीत होतं. कानाला बरं वाटलं म्हणून जेओएक्सआर ठरवलं, दोन जागी लिहिलंही. ते रेडिओ ओकिनावाचं निघालं. दुसरं घ्यावं तर तेही कुणाचं तरी असणार. शेवटी युक्ती केली: निवेदिका "जे ओ" म्हणते आणि पुढची अक्षरं खरखरीत बुडतात. मध्यम लहरींवर असं होतच असतं. कुणाला शंका आली नाही.

१५ जून

आजची नोंद लांब आहे, कारण आज अख्खा आराखडा मोडला.

शिओसेच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून ३२० मीटरवर मी टीव्हीचा मनोरा लावला होता आणि कंपासने २०० किलोमीटरचं वर्तुळ मारलं होतं. तिन्ही बेटं आत. प्रक्षेपकाची शक्ती हवी तेवढी, कागदावरच तर वाढवायची आहे. वर्गातला एकजण दूरसंचार खात्यातून निवृत्त झालाय. त्याने वर्तुळ बघितलं आणि विचारलं, "आणि पृथ्वी?"

टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वाकत नाहीत. त्याने सूत्र लिहून दिलं: दोन्ही टोकांच्या उंचीची मीटरमधली वर्गमुळं काढा, त्यांची बेरीज करा, ४.१२ने गुणा, किलोमीटर मिळतात. ३२० मीटरचा मनोरा आणि घरावरचा १० मीटरचा अँटेना धरला तर येतात जेमतेम ८७ किलोमीटर. तोबीनो ६० किलोमीटरवर आहे, ते आत राहिलं. निशिने १४० किलोमीटरवर.

म्हटलं, निशिनेच्या टेकडीवर पुनःप्रक्षेपक (संकेत पकडून पुढे सोडणारा) बसवू. टेकडी २१० मीटरची काढली होती. गणित केलं: १३३. सात किलोमीटर कमी! टेकडी वाढवणं किंवा बेट जवळ ओढणं माझ्याच हातात होतं, रबर समोरच पडलं होतं. ओकिनावापर्यंत १९६४मध्ये टीव्हीचे संकेत नेणारा मायक्रोवेव्ह लहरींचा दुवा पोचला तो मधल्या बेटांचा आधार घेत. माझ्या नकाशात मधे नुसतं पाणी. एखादा खडक टाकला असता तरी भागलं असतं.

रात्री ठरवलं, बेट हलवायचं नाही. निशिनेला टीव्ही थेट दिसणार नाही. कार्यक्रमांच्या फिती बोटीने जातील आणि तिथला छोटा प्रक्षेपक त्या लावेल. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. ओकिनावाच्या पलीकडच्या मियाको आणि यायेयामा बेटांवर १९६७ साली टीव्ही आला तेव्हा कार्यक्रम असेच फितींवरून जायचे. रेडिओचं मात्र तसं नाही. मध्यम लहरी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावरून लांब पळतात, निशिनेला दिवसाही ऐकू येईल.

म्हणजे निशिनेच्या घरात टीव्ही गेल्या आठवड्याचा आणि रेडिओ आजचा. खोकं आता शिओसेच्या स्टुडिओचं नाही, निशिनेच्या बैठकीच्या खोलीचं होणार.

२२ जून

बोट सहा दिवसांनी एकदा ठेवली. फितीसाठी यू-मॅटिक ही जुनी व्हिडिओ कॅसेट. ती १९७१पासून होती, म्हणजे काळात बसते.

संहिता लिहायला घेतली आणि पहिल्याच वाक्याला अडकलो. "आज संध्याकाळी शिओसे बंदरात..." निशिनेत हे सहा दिवसांनी दिसणार. मग "आज" कुठला? सेन्सेईंबरोबर फोनवर नियम ठरला: फितीवर आज, उद्या, काल हे तीन शब्द बंद. तारीख म्हणायची. "१२ तारखेला शिओसे बंदरात." मग "परवा" सापडला. मग "सध्या". मग "नुकताच". एका पानाची बातमी, तिच्यात असे अकरा शब्द निघाले. बातमी म्हणजे बहुतेक हेच शब्द असतात की काय, असं वाटायला लागलं.

हवामान तर सांगताच येत नाही. सहा दिवसांपूर्वीचा अंदाज ऐकून कुणी होडी काढली तर? म्हणून फितीत हवामानाच्या जागी एकच पाटी: "हवामानासाठी रेडिओ लावा." वीस सेकंद, मागे काही संगीत नाही.

हे सापडलं त्या दिवसानंतर पुढचं सगळं काम सुतारकीचं होतं, असं मी समजत होतो.

२९ जून

जुन्या बाजारातून चौदा इंची टीव्ही, ७०० रुपये. विकणाऱ्याने दूरदर्शनचं चित्र लावून दाखवलं नाही, कारण दाखवायला आता अँटेनावर काही येतच नाही. पांढरी खरखर दाखवली. मी खूश.

घरी रास्पबेरी पाय (छोटासा संगणक, पुढे नुसता 'पाय') जोडला. चित्र काळं-पांढरं, आणि खालून वर सरकतंय. संध्याकाळभर मागची बटणं फिरवली. दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे टीव्ही नेला. त्यांनी अर्ध्या मिनिटात सांगितलं, "हा पॅल आहे. तुम्ही त्याला एनटीएससी देताय. सेकंदाला पन्नासची सवय त्याला, तुम्ही साठ वाढताय. रंग तर त्याला कळायचाच नाही." पॅल आणि एनटीएससी या चित्र पाठवायच्या दोन पद्धती, पहिली आपल्या जुन्या टीव्हींची, दुसरी जपान-अमेरिकेची.

"मग?"

"मग काय, दुसरा घ्या."

मागचं झाकण मी स्वतः उघडलं होतं हे ऐकून ते चिडले. नळीत बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहतात. झाकण उघडू नका. मी उघडलं, काही झालं नाही, यात माझी हुशारी शून्य.

६ जुलै

काकांनीच दुसरा मिळवून दिला. नव्वदच्या दशकातला, एव्हीवर एनटीएससी घेणारा, १५०० रुपये. हा सरकत नव्हता. पण चित्रात आडवे पट्टे आणि स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज.

तीन संध्याकाळी गेल्या. सगळं बदलून बघितलं, केबल सोडून. केबल नवीन होती ना! पायच्या गोल खाचेत चार पट्ट्यांची पिन जाते आणि त्यात व्हिडिओ अगदी बुडाच्या पट्टीवर असतो, अर्थिंग त्याच्या वरच्या. बाजारातल्या काही केबलींमध्ये हे दोन उलटे असतात. दिसायला पिन तीच. मल्टीमीटरने पाच मिनिटांत कळलं असतं. १५० रुपयांची दुसरी केबल आणली, या वेळी दुकानातच तपासून.

१३ जुलै

पायच्या कॉन्फिग फायलीत टीव्हीचा प्रकार आकड्याने सांगतात: ० म्हणजे साधा एनटीएससी, १ म्हणजे जपानी, २ म्हणजे पॅल. माझं ०वर चाललं होतं. रात्रीच्या बंदराचं दृश्य धुरकट दिसत होतं, काळा रंग राखाडी. अमेरिकी पद्धतीत काळ्याची पातळी थोडी उचललेली असते, जपानीत ती शून्यावर. १ केल्याबरोबर रात्र झाली. एक आकडा, आणि मी आदल्या आठवड्यात ते दृश्य तीनदा गडद करून परत रेंडर केलं होतं, म्हणजे व्हिडिओ नव्याने बनवला होता.

चित्राच्या कडाही कापल्या जातात. जुना टीव्ही चौकटीच्या बाहेर थोडं चित्र सांडतो. पाट्यांची पहिली आणि शेवटची अक्षरं गायब. चारी बाजूंनी दहावा हिस्सा रिकामा सोडा.

कोपऱ्यात घड्याळ टाकलं होतं, जपानी वाहिन्यांवर सकाळी असतं तसं. फितीवर घड्याळ! सेन्सेई हसत होत्या तेव्हा मला आधी कळलंच नाही का. काढलं. चार तास रेंडर.

१९ जुलै

सेन्सेईंच्या घरी ध्वनिमुद्रण. पंखा बंद, खिडक्या बंद, जुलैची पुणेरी दमट दुपार. बाहेर कुणाची तरी भिंत पाडणं चालू. एकूण चाळीस मिनिटांच्या आवाजासाठी पाच तास.

रेडिओचं हवामान वृत्त एनएचकेच्या जुन्या पद्धतीवर बेतलं. तिथे निवेदक इशिगाकीजिमापासून सुरुवात करून एकेका ठिकाणची वाऱ्याची दिशा, जोर, आकाश, हवेचा दाब, तापमान वाचत जायचा. सगळं एका चालीत, न थांबता. मच्छीमार आणि गिर्यारोहक ते ऐकत कोऱ्या नकाशावर उतरवून घेत. सेन्सेईंनी ते इतकं छान वाचलं की माझ्या अंगावर काटा आला. वादळाला नाव नाही, नंबर. जपानमध्ये वर्षातलं पहिलं वादळ ते एक नंबर, असं मोजतात. आमचं दहा नंबर.

घरी येऊन ऐकलं. त्यांनी दर ठिकाणी "हेक्तोपासुकारु" म्हटलंय. जपानी हवामान खात्याने हेक्टोपास्कल घेतलं १ डिसेंबर १९९२ला. १९८३मध्ये मिलिबार, म्हणजे "मिरिबारु". आकडा तोच राहतो, एककच बदलतं. संहितेत चूक मीच केली होती. अठरा ठिकाणं. एकच "मिरिबारु" मुद्रित करून सगळीकडे चिकटवून बघितला, रोबोसारखं वाटलं. पुढच्या रविवारी सगळं परत. सेन्सेई काही बोलल्या नाहीत, फक्त चहा उशिरा आला.

वेळेच्या ठोक्यांतही घोळ घातला. चारही एकाच सुरात केले होते. तिकडे पहिले तीन ४४० हर्ट्झचे आणि तासाचा शेवटचा ८८०चा, लांब. हे मला वर्गातल्या एका मुलीने कानानेच सांगितलं.

२७ जुलै

भूकंपाचा इशारा. टीव्हीवर इशाऱ्याची ती प्रसिद्ध धून टाकायची होती. जमत नाही. आधीच इशारा देणारी ती व्यवस्था ऑक्टोबर २००७मध्ये सर्वांसाठी सुरू झाली. संच आपोआप जागा करणारा आणीबाणीचा संकेतसुद्धा १ सप्टेंबर १९८५चा. १९८३मध्ये माणसाने पाटी उचलून कॅमेऱ्यापुढे धरायची. तसंही, गर्दीच्या खोलीत खऱ्या इशाऱ्याचा आवाज वाजवणं मला बरोबर वाटत नाही. समोर जपानी पाहुणे असणार, त्यांच्या अंगात तो आवाज भिनलेला असतो.

त्याच वर्षी, २६ मे १९८३ला, जपान समुद्रात भूकंप होऊन त्सुनामी आली आणि १०४ माणसं गेली, त्यातली १०० त्सुनामीत. ते माझ्या खोक्यात आणायचं नाही असं ठरवलं. फक्त एक साधी पाटी ठेवली: किनाऱ्यापासून दूर रहा.

पाट्यांना तिकडे तेरोप्पु म्हणतात. संगणकावरच्या सगळ्या फाँटमध्ये त्या अगदी कालपरवा केलेल्या दिसत होत्या. दोन आठवडे फाँट शोधले. शेवटी सेन्सेईंनी काळ्या कार्डावर पांढऱ्या पोस्टर रंगाने हाताने लिहून दिल्या, मी वेबकॅमपुढे धरल्या. हात थोडा हलला. तोच शॉट ठेवला.

३ ऑगस्ट

रेडिओ. आधीच स्पष्ट सांगतो, हवेत काहीही सोडलेलं नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं आपल्याकडे गुन्हा आहे, मग ते खोलीपुरतं का असेना. मृत ट्रान्झिस्टरचं खोकं ३५० रुपयांना घेतलं, आत ६० रुपयांचा छोटा अँप्लिफायर बसवला आणि आवाज तारेने दिला. तबकडी फिरते, पण कशालाच जोडलेली नाही.

पाय आणि अँप्लिफायर एकाच चार्जरवर होते. सतत गुंईं आवाज, चित्र बदललं की सूर बदलायचा. वेगळा चार्जर आणि मधे आवाजाचा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, मिळून २५० रुपये. गुंईं गेलं. मग आवाज इतका स्वच्छ झाला की खोटा वाटायला लागला, म्हणून मी त्यात खरखर घातली.

१० ऑगस्ट

वीज गेली, आली, परत गेली. पाय सुरूच होईना. मेमरी कार्ड खराब. प्रत होती, पण ती मिरिबारुच्या आधीची! रात्री दोनपर्यंत जोडाजोड. आता कार्ड फक्त वाचण्यापुरतं केलंय (रास्पी-कॉन्फिगमधला ओव्हरले पर्याय), काही लिहिलंच जात नाही, कधीही प्लग काढा. हे पहिल्या दिवशी करायचं असतं.

१६ ऑगस्ट

संमेलन. टेबलावर खोकं, बाजूला विणलेली चटई, निशिनेतल्या घराचा भास. टीव्हीवर सहा दिवसांपूर्वीचं ऊन, बंदरात होड्या रंगवणं चाललेलं. रेडिओवर दहा नंबरचं वादळ येतंय, बोट रद्द.

पहिला तासभर लोक येऊन सांगत होते, तुमचा आवाज आणि चित्र जुळत नाहीये. मी समजावून थकलो. मग एका कागदावर लिहून लावलं: टीव्ही बोटीने येतो, रेडिओ वाऱ्याने. त्यानंतर कुणी तक्रार केली नाही, उलट पाटी आली की लोक आपणहून रेडिओकडे वाकायला लागले.

दुपारी एक जपानी आजोबा बराच वेळ उभे होते. हवामान वृत्त पूर्ण ऐकलं. मला वाटलं कौतुक करतील. म्हणाले, निवेदिका फार हळू वाचते.

१८ ऑगस्ट

हिशेब, रुपयांत: पहिला टीव्ही ७००, दुसरा १५००, जुना पाय २२००, दोन केबली ३००, रेडिओचं खोकं ३५०, अँप्लिफायर ६०, चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर २५०, प्लायवूड आणि बिजागऱ्या ४८०, छपाई, कार्डं, रंग ३२०. एकूण ६१६०. त्यात पहिला टीव्ही आणि चुकीची केबल मिळून ८५० पाण्यात. अकरा आठवडे, त्यातले निदान तीन पुन्हा करण्यात गेले.

राहिलेलं काम: वादळामुळे बोट आलीच नाही तर निशिनेत काय दाखवतील? जुनीच फीत परत. ती दुसऱ्यांदा लावताना चित्र थोडं झिजलेलं दिसायला हवं, ते अजून केलेलं नाही. सेन्सेईंना हवामान वृत्त जरा वेगात वाचायला सांगायचंय, हे कसं सांगायचं ते ठरलेलं नाही. पहिला टीव्ही गॅलरीत पडून आहे, काका सुट्या भागांसाठी २०० देतो म्हणतात.